स्विचवरचा हात

दोन वाजून आठ मिनिटांनी तिने कंप्युटर बंद करायला घेतला, आणि नेहमीप्रमाणे तो बंद झाला नाही.

निळ्या स्क्रीनवर ‘शटिंग डाउन’ एवढी पाटी आणि पाटीच्या वर गरगरणारं पांढऱ्या ठिपक्यांचं कडं. तीन आठवडे ते कडं जवळजवळ रोज असंच फिरत होतं आणि घरातलं कुणीतरी कंटाळून भिंतीवरचा स्विच पाडत होतं. घराचा तो नियमच होऊन बसला होता: शंभरपर्यंत मोजायचं आणि खटका. आज ती शंभराच्या पुढे गेली, दोनशेच्या पुढे गेली, आणि मांडीवरच्या लेकीचं पाऊल मुठीत धरून तशीच बसून राहिली.

लेक दहा महिन्यांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. आत्ता मुंगी अगदी मजेत होती, आईच्या कुडत्याचं बटण तोंडात घालायचा प्रयत्न करत होती. पण वीस मिनिटांपूर्वी हीच मुंगी झोपेत ताठ झाली होती, पाटासारखी. ओठ जांभळे, बुबुळं वर, श्वास नाही. आईने उचलून पाठ चोळली, नाव घेऊन हाका मारल्या, आणि चाळीस सेकंदांनी पोरीने एक मोठा सुस्कारा टाकून डोळे उघडले. काही झालंच नाही अशा चेहऱ्याने आईकडे पाहून हसलीसुद्धा.

हे दर वेळी असंच व्हायचं. कुणी धावत येईपर्यंत पोरगी गुलाबी आणि हसरी. फोन शोधून कॅमेरा सुरू करेपर्यंत तर ती खुळखुळा मागायला लागलेली असायची. नवरा म्हणायचा, “तू जरा जास्तच बघतेस गं तिच्याकडे.” घरचे डॉक्टर म्हणाले, पहिलटकरणीला सगळंच दिसतं. आणि सासरे पेपर खाली न करता म्हणाले, “पोरं झोपेत दचकतात. आमचे दोघेही दचकायचे. राईचा पर्वत करू नकोस.” सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या कुणास ठाऊक, पण त्या महिनाभर लेकीकडे गेल्या होत्या.

मग तिने लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. हे डॉक्टर इथल्या एका दवाखान्यात दोन महिन्यांतून एकदाच येत. फोनवरची बाई चांगली होती, पण तिने स्पष्टच सांगितलं होतं, “मॅडम, व्हिडिओ असेल तर जरूर आणा. नुसतं सांगण्यावरून डॉक्टरांना फार कळत नाही. पाच मिनिटं मिळतात तुम्हाला.”

ती वेळ आज सव्वाचारची होती. तीन पस्तीसला गाडी यायची होती. आणि मुंगीचे ते चाळीस सेकंद, पुराव्यानिशी, या बंद होऊ न शकणाऱ्या डबड्याच्या पोटात होते.

कंप्युटर तिच्या धाकट्या दिराच्या कॉलेजच्या वेळचा. बारा वर्षांचा. घरात त्याला ‘म्हातारा’ म्हणत. सासरे एकदा म्हणाले होते, “या घरात दोन म्हातारे. बंद करायचं बटण मात्र एकालाच आहे, ते नशीब.” दिराने दुसऱ्या गावी नोकरीला जाताना म्हातारा मागे ठेवला, तो मुंगी दुपारी झोपायची त्याच खोलीत, पाळण्यासमोरच्या टेबलावर. त्यावर जुना कॅमेरा लावून झोपेचं चित्रीकरण करायची कल्पना तिचीच. फोनमध्ये दोन-दोन तास मावत नव्हते. म्हाताऱ्याच्या पोटात जागा बक्कळ. दिराने फोनवरून कॅमेऱ्याचा प्रोग्राम कसा लावायचा ते सांगितलं, आणि तिने तो लावला.

पण फाइल कधी नीट मिळालीच नाही. उघडून पाहिलं की आकार शून्य. नाव आहे, तारीख आहे, आत काही नाही. वेष्टन आहे आणि चॉकलेट गायब, तसं. परवा दिराने सांगितल्याप्रमाणे प्रोग्रामची एक सेटिंग बदलून तिने दहा मिनिटं तपासून पाहिलं, तेव्हा मात्र फाइल छान उमटली. म्हणून आज तिला आशा होती. मुंगी शुद्धीवर आल्यावर तिने चित्रीकरण थांबवलं, पोरगी खेळायला लागेपर्यंत तिला कुशीत धरलं, मग प्रोग्रामची खिडकी मिटली, आणि पेनड्राइव्ह लावायचा सोडून तिच्या बोटांनी रोजचंच काम करून टाकलं. शटडाउन. हात सवयीचे गुलाम. डोकं मागाहून वरातीमागच्या घोड्यासारखं आलं.

दोन वाजून सतरा मिनिटं. कडं फिरतच होतं.

तिने मुंगीला सतरंजीवर सोडलं आणि फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर दिराला लावला.

“भावजी, तो परत अडकला.”

“म्हातारा? मग दाबून धरा ना बटण, वहिनी. दहापर्यंत मोजा. काय नवीन आहे त्यात?”

“आज आत फाइल आहे. आजची. मुंगीची.”

“अरे बाप रे, झालं परत?” मागे त्याच्या ऑफिसात कुणीतरी हसत होतं. “किती वेळ झाला अडकून?”

“नऊ मिनिटं.”

“मग गेला तो. हँग झाला म्हणजे गेलाच. मेलेल्याची किती वेळ नाडी बघणार? तुम्ही बंद करा, परत चालू करा. फाइल असली तर असेल.”

“आणि नसली तर?”

“तर नसेल,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून घाईने म्हणाला, “म्हणजे असेल, वहिनी. असेलच. मला मीटिंगला बोलावतायत, पाच मिनिटांत करतो फोन.”

तो पाच मिनिटांत करणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

तिने टेबलाच्या खणातून वही काढली. लग्नाआधी ती प्रयोगशाळेत काम करायची; तिथे पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. त्या सवयीने या वहीत पुढच्या टोकापासून म्हाताऱ्याचं दुखणं लिहिलं होतं. प्रिंटर काढला, तरी अडकतो. व्हायरसवाला प्रोग्राम काढला, तरी अडकतो. इंटरनेटची वायर काढली. कीबोर्ड बदलला. रविवारी नीट बंद झाला, का ते माहीत नाही. सोमवारी परत अडकला.

आणि वही उलटी करून मागच्या टोकापासून मुंगीचं दुखणं. तारीख, वेळ, किती सेकंद, ओठांचा रंग, त्याआधी काय खाल्लं होतं. त्या बाजूला आज पाचवी ओळ लिहायची होती, ती तिने उभ्याउभ्या लिहिली. एक पन्नास. चाळीस सेकंद. जांभळे. शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘कॅमेरा चालू: एक तास दहा मिनिटं.’

पेन तिथेच थांबलं.

तिने पान मागे केलं. शुक्रवार: कॅमेरा चालू, दीड तास. मग वही उलटी केली. शुक्रवार: अडकला. परत उलटी. रविवार: मुंगी बाहेर झोपली, कॅमेरा नाही. परत. रविवार: नीट बंद झाला. सोमवार कॅमेरा दोन तास, सोमवार अडकला. परवा, दहा मिनिटांची चाचणी. परवा बंद व्हायला वेळ लागला, पण शंभर मोजून व्हायच्या आत झाला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन आठवडे दोन्ही दुखणी एकाच वहीत होती आणि तिने कधी दोन्ही टोकं एकत्र धरून पाहिली नव्हती.

म्हातारा अडकत नव्हता. खिडकी मिटली तरी मागे तो सगळी झोप, तास-तासभराची, आपल्या जुनाट डिस्कवर हळूहळू लिहीत बसत होता; आणि हे लोक त्याला शंभरपर्यंत मोजून मारत होते. मधेच पेन हिसकावलं तर कागद कोराच राहणार. शून्य. शून्य. शून्य.

की हे तिचं नुसतं म्हणणं होतं? खरंच अडकला असेल तर इथे बसून वाट बघण्यात तास जाईल, गाडी येईल आणि हातात काहीच नसेल. म्हाताऱ्याचा पुढचा दिवा, डिस्क चालू असली की लुकलुकणारा, चार वर्षांपूर्वीच गेला होता. पंखा एवढा घरघरत होता की आतलं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. ती कान लावून बसली. नुसती घरघर.

“अजून चालूच का हे?”

सासरे दारात होते. दुपारची झोप काढून, चष्मा कपाळावर. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात छत्तीस वर्षं फिटर होते ते. गल्लीत त्यांना अजून सगळे फिटरबाबाच म्हणत. विजेचा एकही दिवा विनाकारण जळलेला त्यांना खपत नसे. ते खोलीत आले, मुंगीवरून लांब टांग टाकली, आणि रोजच्यासारखा त्यांचा हात भिंतीवरच्या स्विचकडे गेला.

ती त्यांच्या आधी पोचली. तिने स्विचवर तळहात ठेवला. त्यांची बोटं तिच्या हातावर येऊन थांबली.

“बाबा, नको.”

“अगं, झालं ना शंभर मोजून.”

“आज नको. आतमध्ये मुंगी आहे.”

बोलताना तिला आपल्या पायाला वायर अडकलेली कळली नाही. ती सरकली, आणि स्क्रीन काळी झाली.

मग तिला घरघर ऐकू आली. पंखा चालू होता. स्क्रीनचाच प्लग सैल झाला होता, शेजारचा म्हाताऱ्याचा अजून लागलेला होता. पण तोही अर्धा बाहेर लोंबत होता. त्या बोर्डाची सगळी भोकं इतक्या वर्षांच्या ओढाताणीने ढिली झाली होती, त्यात घडी केलेला पुठ्ठा कोंबून काम भागवलं जायचं. पुठ्ठा खाली पडला होता. आणि मुंगी चार पायांवर त्या पुठ्ठ्याकडे निघाली होती.

“हलू नकोस,” सासरे म्हणाले.

ते गुडघ्यांवर बसले. सत्तरीतला माणूस, गुडघे दुखतात म्हणून खालची पिशवी न उचलणारा. त्यांनी दोन बोटांनी म्हाताऱ्याचा प्लग धरला, आत ढकलला नाही, बाहेर ओढला नाही, नुसता जिथे होता तिथे धरला. दुसऱ्या हाताने स्क्रीनचा बसवला. निळा उजेड परत आला. कडं फिरत होतं.

“पोरीला घे,” ते म्हणाले. “आणि काय झालंय ते नीट सांग.”

तिने मुंगीला कडेवर घेतलं आणि सांगितलं. एक पन्नासचं सांगितलं. फाइलचं, वहीचं, दोन्ही टोकांचं सांगितलं. सांगताना तिला स्वतःचाच आवाज खुळ्यासारखा वाटत होता, कारण एरवी या घरात ती असं बोलायला लागली की समोरचा माणूस पेपर वर करायचा. आज समोरच्या माणसाचा हात प्लगवर गुंतलेला होता.

ते ऐकून घेत राहिले. एकदाच मधे म्हणाले, “एक पन्नासला?”

“हो. तुम्ही झोपला होतात.”

ते हातातल्या प्लगकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “माझी पेटी आण. हिरवी. त्यातला लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर.”

“बाबा, तो उघडायचा नाहीये.”

“कोण उघडतंय? आण तू.”

तिने आणला. लाकडी मुठीचा, हातभर लांब, मूठ घामाने काळी पडलेली. त्यांनी मोकळ्या हाताने त्याचं टोक म्हाताऱ्याच्या पत्र्यावर टेकवलं, मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवली आणि डोळे मिटले.

“पंपाचं बेअरिंग असं ऐकायचो आम्ही,” ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. “शेजारी दहा पंप कोकलत असले तरी ज्याला टेकवाल त्याचंच ऐकू येतं. कान सगळ्यांचं ऐकतो. हाड एकाचंच ऐकतं.”

त्यांनी टोक दोन बोटं वर सरकवलं. मग खाली. मग पुढच्या बाजूला, जिथे पूर्वी दिवा लागायचा त्याच्या आसपास. तिथे थांबले.

घड्याळात दोन एकतीस. मुंगीने आईचा कान पकडला. तिने तो पकडू दिला.

“हा पंखा,” ते म्हणाले. “हे… हे वेगळं आहे. टक. कर्र, टक टक. थांबतं, परत करतं. हे काय असतं?”

“डिस्क,” ती म्हणाली. “ती लिहिते.”

“मग लिहितेय. अडकलेलं यंत्र एकसुरी ओरडतं. हे मोजूनमापून चाललंय.” त्यांनी डोळे उघडले. “मेला नाही तुझा म्हातारा. काम करतोय.”

ती पलंगाच्या कडेवर बसली.

“किती वेळ लागेल?” तिने विचारलं, जसं काही त्यांनाच माहीत असणार.

“ते त्याला विचार. मोठा पंप बंद करायला आम्हाला पाऊण तास लागायचा. व्हॉल्व्ह हळूहळू फिरवायचा, एक आटा, थांब, एक आटा, थांब. नवा आलेला एक शहाणा सरळ खटका पाडायचा. पाणी उलटं येऊन पाइपाला अशी धडक द्यायचं की रस्ता फुटायचा. चालू काय कुणीही करतं. बंद करणाऱ्याला अक्कल लागते.” ते थांबले. स्क्रू ड्रायव्हर अजून हाडावर होता. “छत्तीस वर्षं लोकांना हे सांगितलं, आणि घरात रोज खटका पाडतोय. वा रे फिटर.”

ती हसली नाही. तेही हसले नाहीत.

मग नुसती वाट पाहणं राहिलं. तिने मुंगीला भरवलं, कपडे बदलले, दवाखान्याची फाइल पिशवीत घातली, आणि प्रत्येक काम करताना दारातून डोकं आत घालून विचारत राहिली, “बाबा?”

“बोलतंय,” ते म्हणत.

दोन पन्नासला, “बोलतंय.” तीनला, “बोलतंय. जरा हळू झालंय.” त्यांचा प्लग धरलेला हात थरथरायला लागला होता. तिने म्हटलं मी धरते, तर म्हणाले, हात बदलताना हललं तर? तिने त्यांच्या कोपराखाली उशी सरकवली. गुडघ्याखाली दुसरी. पुढे त्यांच्या बोटांची नखं पांढरी पडलेली तिने पाहिली आणि नजर वळवली.

नवऱ्याला फोन लावून उपयोग नव्हता; कामाच्या पाळीवर असताना त्याचा फोन कपाटात असायचा. दिराचा आला नाही.

तीन वाजून बारा मिनिटांनी सासरे म्हणाले, “थांबलं.”

ती हातातला चमचा घेऊनच धावत आली. “म्हणजे?”

“म्हणजे थांबलं. टक नाही, कर्र नाही.”

स्क्रीनवर कडं फिरतच होतं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी तिच्याकडे. लिहून झालं, की लिहिता लिहिता मेला? हे सांगणारं दोघांच्याही पेटीत काही नव्हतं. ती मनात मोजायला लागली आणि लक्षात आलं की आपण शंभराकडेच चाललो आहोत. ती बावीसवर असताना म्हाताऱ्याच्या आत एक बारीक खट असा आवाज झाला, कडं नाहीसं झालं, पंखा हळूहळू दमत दमत थांबला, आणि खोली इतकी शांत झाली की मुंगीच्या तोंडातला चोखण्याचा आवाज ऐकू आला.

“झाला,” सासरे म्हणाले, आणि प्लग सोडला. बोटं त्यांना लगेच सरळ करता आली नाहीत.

चालू व्हायला म्हाताऱ्याला सहा मिनिटं लागली. ती सहा मिनिटं तिने कशी काढली ते तिचं तिलाच ठाऊक. सासऱ्यांनी पुठ्ठ्याची नवी घडी करून प्लग घट्ट बसवला आणि स्टुलावर बसून राहिले. जायला हवं होतं त्यांना, तोंड धुवायला, सदरा बदलायला. ते गेले नाहीत.

फाइल होती. आकार शून्य नव्हता. आकार भलामोठा होता, तिने आकडा दोनदा वाचला. तीन वाजून बावीस मिनिटं. तिने ती आधी पेनड्राइव्हवर सोडली, आणि हिरवी पट्टी पुढे सरकत असताना उघडून पाहिली.

पाळणा. पांढरी चादर. झोपलेली मुंगी, एक हात डोक्यावर. कोपऱ्यात वेळ: बारा एक्केचाळीस. तिने माउसने पुढे ओढलं. फार पुढे जायला नको म्हणून बेताने ओढलं, आणि ते एक वाजून सहा मिनिटांवर जाऊन पडलं.

पाळण्यापाशी सासरे उभे होते.

पाठमोरे. वाकलेले. पाळण्यात मुंगीचे दोन्ही हात कडक, मुठी वळलेल्या, पाय ताठ. सासऱ्यांनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं. मग एका हाताने तिला कुशीवर वळवलं, अगदी अलगद, आणि तसं धरून उभे राहिले. डोकं घड्याळाकडे, मग पोरीकडे, मग घड्याळाकडे. कोपऱ्यातले सेकंद पळत होते. एकतीस सेकंदांनी मुंगीचा हात ढिला पडला. सासऱ्यांनी चादर सारखी केली. चष्मा काढून डोळे पुसले, बाहीने. दाराकडे निघाले, परत आले, परत पाहिलं, आणि गेले.

एक वाजून सहा. त्या वेळी ती आत कपडे वाळत घालत होती. दीड वाजता दोघं समोरासमोर बसून जेवले होते. त्यांनी मीठ मागितलं होतं.

तिने मान वळवली नाही. स्क्रीनकडे बघतच म्हणाली, “बाबा, तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आजच?”

“आज, आणि बुधवारी एकदा. तू अंघोळीला गेली होतीस.”

तिला ओरडता आलं असतं. कडेवर पोर होतं आणि घड्याळात तीन पंचवीस. “मला खुळ्यात काढलंत,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण प्रत्येक अक्षर वेगळं वेगळं पडलं. “सगळ्यांसमोर. राईचा पर्वत म्हणालात.”

“म्हणालो ते बुधवारच्या आधी,” ते म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. “नाही, हे काही उत्तर नव्हे. बुधवारनंतर मी गप्प बसलो. वाटलं, आपण तोंडाने म्हटलं की ते खरं होईल. न बोलता टळलं तर टळलं. म्हातारपणी माणूस भित्रा होतो, पोरी. छत्तीस वर्षं बेअरिंग वाजलं की त्याच मिनिटाला पाटी लावायचो, यंत्र बंद, दुरुस्ती. आणि घरातल्या पोरीचं…”

तिच्या मनात एक वाईट गोष्ट आली, आणि आज ती विचारूनच टाकायची असं तिने ठरवलं. “कॅमेरा चालू होता हे माहीत होतं तुम्हाला? आत येऊन स्विच पाडत होतात, तेव्हा?”

त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. “मघाशी पाळण्यापाशी उभा होतो तेव्हा त्याचा दिवा दिसला होता. पण स्विच पाडायला आलो ती नुसती सवय. गाढवपणा. फाइलचं तू सांगितलंस तेव्हा कळलं, की आत तीही आहे आणि मीही आहे.”

“आणि मग?”

“मग काय. पेटी आण म्हटलं.”

हिरवी पट्टी भरली. तिने पेनड्राइव्ह काढला, मुठीत धरला, परत एकदा उघडून तपासला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सासरे उठले, गुडघा धरून, आणि हात सवयीने भिंतीकडे गेला. अर्ध्यात थांबला.

“याला चालूच ठेवू का?” त्यांनी विचारलं.

“ठेवा.”

“जळू दे वीज,” ते म्हणाले, आणि न धुतलेल्या तोंडाने, घरातल्या सदऱ्यावरच तिच्या मागोमाग जिना उतरले. चला असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. नका असंही कुणी म्हटलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, घाईत, पण मुंगीचं पाऊल हातात घेऊन बोलणाऱ्या. “काय होतं?” त्यांनी विचारलं. “आणि किती वेळा झालंय आतापर्यंत?”

ती वही उघडायला लागली. मागचं टोक की पुढचं, घाईत तिला कळेना. प्रिंटर काढला, तरी अडकतो, एवढंच समोर आलं. खुर्चीमागून सासरे बोलले.

“सात वेळा. पाच हिच्या वहीत आहेत, तारीखवार. दोन माझ्याजवळ. बुधवारी सकाळी साडेनऊ, अंदाजे पंचवीस सेकंद. तेव्हा घड्याळ बघायचं सुचलं नाही. आणि आज एक वाजून सहा, एकतीस सेकंद. ते यात आहे.”

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “आजचं कुणी बघितलं?”

“दोघांनीही,” ती म्हणाली. “वेगवेगळं.”

डॉक्टरांनी पेनड्राइव्ह घेतला. त्यांच्या टेबलावरचा कंप्युटर नवा होता, फाइल चटकन उघडली. त्यांनी एक वाजून सहा पाहिलं. एक पन्नास पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून एक पन्नास पुन्हा लावलं, या वेळी सावकाश, आणि मुंगीचा डावा हात आधी उचलला जातो का उजवा यावर पेन टेकवलं. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. पाच मिनिटं होऊन गेली होती.

“थांबायला सांगा त्यांना,” डॉक्टर दाराकडे न बघता म्हणाल्या. “हे फार चांगलं झालं, हे आणलंत ते. मला आजच एक तपासणी करायची आहे. घाबरू नका, पण आजच.”

तिने मान हलवली. घाबरायचं तिला नव्याने सुचेना. ते ती तीन आठवडे एकटीच करत आली होती. पाठीमागे स्टुलाचा आवाज झाला. सासरे उठून तिच्या खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले होते, आणि मुंगीने त्यांची अजून नीट न वळणारी दोन बोटं धरली होती.